रिकाम्या खुर्चीचे चिटणीस

“प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी टाकायचा?” हा मी मोकाशींना विचारलेला पहिला प्रश्न. जपानमधल्या ओजिमाच्या त्या अकरा मजली सरकारी इमारतीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. हातात फुगलेली पिशवी होती आणि लिफ्टमध्ये एक मराठी चेहरा दिसल्यामुळे मला हायसं वाटलं होतं. त्या चेहऱ्याने आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं.

“युमेनीसचं सैन्य लढाईत कधी हरलं नाही,” तो म्हणाला. “घात झाला तो सामानामुळे.”

तळमजला आला. दार उघडल्यावर “बुधवारी” एवढं बोलून ते निघून गेले. युमेनीस हा त्यांच्या कंपनीतला कुणी परदेशी सहकारी असावा आणि घर बदलताना त्याचे हाल झाले असावेत, अशी मी समजूत करून घेतली. नवऱ्यालाही, म्हणजे केदारलाही, तसंच सांगितलं. त्या युमेनीसला जाऊन तेवीसशे वर्षं झाली होती, हे कळायला पुढचा बुधवार उजाडावा लागला.

युमेनीस हा सिकंदराचा चिटणीस. पत्रं लिहायची, फर्मानं काढायची, दौलतीचे कागद सांभाळायचे. जन्माने ग्रीक, आणि भोवती सगळे मॅसिडोनियन सरदार. त्यांच्या लेखी ग्रीक म्हणजे तोंडाळ कारकून. सिकंदर मेला, सरदार राज्यासाठी एकमेकांच्या उरावर बसले, आणि त्या गोंधळात या कारकुनाच्या वाट्याला एक प्रांत आणि एक सैन्य आलं. तो पहिल्याच लढाईत आडवा होणार अशी सगळ्यांची खात्री होती.

“आणि तरी जिंकला,” मोकाशी म्हणत.

हे त्यांचं पालुपद. वॉशिंग मशीन बिघडलं, व्हिसाचं काम अडलं, शेजारच्या बाईंनी फोडणीच्या वासाची तक्रार केली, काहीही सांगा. मोकाशी युमेनीसच्या आयुष्यातला एखादा तसाच प्रसंग काढत आणि शेवटी “आणि तरी जिंकला” म्हणून उठत. तुमचं वॉशिंग मशीन तसंच राही.

मोठ्या माणसांची चरित्रं घोकणारी माणसं मी आमच्या तोयोसुच्या ऑफिसात पुष्कळ पाहिली आहेत. ती नेहमी जगज्जेता निवडतात. चेंगीझखान वाचून आलेला मॅनेजर सोमवारच्या मीटिंगमध्ये लगेच ओळखू येतो. मोकाशींनी चिटणीस निवडला होता, म्हणून मी त्यांना थोडी सवलत दिली.

ही निवडही त्यांची नव्हतीच म्हणा. जपानमधल्या पहिल्या वर्षी जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांनी ग्रीकांच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक स्वस्तात घेतलं. स्वस्त होतं कारण अर्धं फाटलेलं होतं. ते उघडत होतं युमेनीसच्या मधोमध. त्यामुळे कित्येक वर्षं मोकाशींना त्याच्या लढाया तोंडपाठ होत्या, पण तो जन्मला कुठे हे माहीत नव्हतं.

मोकाशी स्वतः एका व्यापारी कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यातून जपानला आले, तीन वर्षांसाठी. तिशीत आलेला माणूस सत्तरीला टेकला तरी ती तीन वर्षं चालूच होती. व्यापार बसला, मग सॉफ्टवेअर आलं. पुण्याची मुलं प्रोग्रॅम लिहीत, जपानी ग्राहक तो चालत का नाही असं विचारत, आणि दोघांच्या मधे मोकाशी उभे राहत. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं, आणि ते सांगताना त्यातलं विष काढून टाकायचं. या कामाला इथे ब्रिज म्हणतात.

“ब्रिजवरून सगळे पलीकडे जातात,” मोकाशी म्हणाले होते. “ब्रिज तिथेच.”

मुलाला, नीरजला, पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा मोकाशींच्या पत्नी, सुनंदाकाकू, त्याला घेऊन पुण्याला गेल्या. ती सोय तात्पुरती होती. त्या तीन वर्षांइतकीच तात्पुरती. काकू वारल्या त्यालाही आता काही वर्षं झाली होती. नीरजचा दर रविवारी फोन येई आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असे: बाबा, आता पुरे झालं.

“न्यायला टपलाय तो मला,” मोकाशी सांगत. “मी म्हटलं, सैन्य टाकून सेनापती जात नसतो.”

“कुठलं सैन्य, काका?”

त्यांनी इमारतीपुढच्या बाकावरून हात फिरवला. समोरून दहाव्या मजल्यावरच्या नाकानोबाई, इथल्या रीतीने नाकानो-सान, भाजीची ढकलगाडी ढकलत येत होत्या. मागून इतो-सान काठी टेकत, कुणालाही पुढे न जाऊ देता चालले होते. सिकंदराच्या जुन्या शिपायांची म्हणे एक पलटण होती, चांदीने मढवलेल्या ढालींची. सगळे साठी-सत्तरी उलटलेले, आणि त्यांना पाहून तरण्या शिपायांना घाम फुटे. “चंदेरी ढाली,” मोकाशी म्हणाले. या देशात म्हाताऱ्या माणसांना सिल्व्हरच म्हणतात, गाडीत त्यांची जागा म्हणजे सिल्व्हर सीट, त्यामुळे उपमा फार ताणलेली होती असं मला म्हणता येईना.

या सैन्याला मोकाशी कोण आहेत याचा मात्र पत्ता नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहूनही ते त्यांना “सातव्या मजल्यावरचे भारतीय गृहस्थ” म्हणत.

नावाने हाक मारणारा एकच होता. मुराता-सान. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, आणि आमच्या रहिवासी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. ते आणि मोकाशी दुपारी व्हेंडिंग मशीनमधून कॉफीचा डबा घेऊन बाकावर बसत, बराच वेळ काही न बोलता. मग मोकाशी युमेनीस सुरू करत आणि मुराता-सान मधे मधे “मग?” म्हणत. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली होती देव जाणे. पण मोकाशी ती शेवटच्या लढाईपर्यंतच आणत. खारट मैदान, घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ, कुणाला काही दिसत नाही. “मग?” मुराता-सान विचारत. “पुढचं नंतर,” मोकाशी म्हणत आणि डबा चेपून कचऱ्यात टाकत. डब्यांच्या कचऱ्यात, अर्थात.

त्याच बाकावर मुराता-सानना झटका आला. त्यांना घेऊन गेले आणि त्यांची निळी टोपी बाकावरच राहिली. ती मोकाशींनी उचलली.

मुराता-सानचा जीव वाचला, पण वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि त्यांच्या पुतणीने त्यांना चिबाकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. मंडळाचा कारभार उपाध्यक्षाकडे आला. आमच्याकडे उपाध्यक्षपद मजल्यामजल्यांतून पाळीने फिरतं आणि पाळी नाकारायची पद्धत नाही. उपाध्यक्षाला काही काम नसतं, त्यामुळे पाळी कुणाची आहे हे कुणी पाहतही नाही. त्या वर्षी ती सातव्या मजल्यावर मोकाशींच्या दारावर होती.

पहिल्या सभेला तिघं आलो. मोकाशी, मी, आणि एक आजी, ज्या शाकुहाचीचा, म्हणजे बासरीचा, वर्ग समजून आल्या होत्या. इथे बंड असंच होतं. कुणी विरोध करत नाही, कुणी आवाज चढवत नाही. सगळ्यांना नेमकं त्याच वेळी डॉक्टरकडे जायचं असतं.

“परक्याचं ऐकायचं नाहीये त्यांना,” मी म्हटलं.

“मॅसिडोनियनांनाही नव्हतं ऐकायचं,” मोकाशी म्हणाले. मला वाटलं आता पालुपद येणार. आलं नाही. ते मंडळाच्या खोलीतल्या खुर्चीकडे पाहत होते. खोलीत हात असलेली खुर्ची एकच. तपकिरी रेक्झिनची, एका हाताला चिकटपट्टी लावलेली. ती मुराता-सानची. बाकी सगळ्या घडीच्या.

पुढच्या सभेची सूचना लागली, तिच्यावर लिहिलं होतं: अध्यक्षस्थानी मुराता-सान.

“काका, ते चिबाला पडून आहेत.”

“सिकंदर तर मेलेला होता.” मग त्यांनी मला समजावून सांगितलं. चंदेरी ढालींचे सरदार ग्रीकाच्या तंबूत हुकूम घ्यायला येईनात, तेव्हा युमेनीसने जाहीर केलं की सिकंदर आपल्या स्वप्नात आला. मग एक तंबू ठोकला, त्यात सोन्याचं सिंहासन ठेवलं, त्यावर मुकुट आणि राजदंड. सगळे सरदार त्या रिकाम्या सिंहासनापुढे बसून मसलत करायला लागले. तिथे हुकूम सोडणारा कुणी नव्हताच, मग मानायला हरकत कसली?

सभेच्या दिवशी हाताच्या खुर्चीवर निळी टोपी होती. शेजारी मोकाशी एका घडीच्या खुर्चीवर बसले होते. ती करकरायची आणि तिच्या एका पायाचं रबर पडलेलं असल्यामुळे डगमगायची, म्हणून त्या पायाखाली त्यांनी कागदाची घडी घातली होती. “मी काही ठरवणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही बोला. मी मुराता-सानना विचारून सांगेन.”

चौदा माणसं आली होती. नाकानो-साननी सगळ्यांना चहा दिला आणि एक कप टोपीपुढे ठेवला. इतो-सान खुर्चीला कमरेतून वाकून मगच बसले. रिकाम्या खुर्चीपुढे वाकणारी माणसं पाहून मला हसू आलं. आमच्या ऑफिसातही हेच चालतं; तिथली खुर्ची भरलेली असते एवढंच.

मोठा वाद सायकलींचा होता. भारतीय कुटुंबांच्या सायकली म्हाताऱ्यांच्या वाटेत येत. वाट कुठली आणि सायकलींची जागा कुठली हे दाखवणारी जमिनीवरची रेघ कधीच पुसून गेली होती, आणि ती कुठे होती यावर दोन्ही बाजूंची ठाम मतं होती. मोकाशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पुढच्या सभेत सांगितलं, “मुराता-सान म्हणतात, रेघ पुन्हा मारा. भारतीयांनी मारायची, बाकीच्यांनी ती सरळ आहे का ते बघायचं.” त्या रविवारी केदार आणि आणखी चार इंजिनिअर उकिडवे बसून पिवळा रंग फासत होते आणि इतो-सान काठीने “डावीकडे, डावीकडे” सांगत होते. इतका खूश मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

लिफ्ट बदलण्याचं काम काही आठवडे चाललं तेव्हा वरच्या मजल्यांवरचे म्हातारे अडकून पडले. मोकाशींना नोरा आठवला. नोरा हा डोंगरावरचा एवढासा किल्ला, तिथे युमेनीस वेढ्यात सापडला होता. घोड्यांना हिंडायला जागा नाही, म्हणून तो त्यांना पुढून पट्ट्यांनी उचलून धरी आणि मागच्या पायांवर नाचवी, घाम फुटेपर्यंत. मोकाशी रोज सकाळी जिने चढून दहाव्या मजल्यावर जात आणि कठड्याला धरून सगळ्यांना हातपाय हलवायला लावत. हा व्यायाम मुळात घोड्यांचा आहे, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. नाकानो-सान इथल्या बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या घोड्याच्या वर्षी जन्मलेल्या. त्या दिवसापासून त्या पहिल्या रांगेत.

“उपाध्यक्ष-सान” अशी हाक तेव्हापासून ऐकू यायला लागली. मी म्हटलं, काका, बढती मिळाली.

“हुद्द्याला हाक मारतात,” ते म्हणाले. “युमेनीस एकदा आजारी पडला, पालखीत होता. शत्रू समोर दिसला, तर चंदेरी ढाली त्याच्याशिवाय पुढे सरकेनात. ढालींवर भाले आपटून त्यांनी आपल्या भाषेत त्याला पुकारलं. पडदा सारून त्याने फक्त हात बाहेर काढला. एकदाच. पण पुकारलं.”

हे सांगताना त्यांचा आवाज जरा निराळा होता. नीरजच्या फोनना ते तसं उत्तर का देतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती हाक ऐकल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं.

“मुराता-सानना विचारून सांगतो” ही मला अर्थातच थाप वाटत होती. राजकारणातल्या थापांमध्ये बरीच निरुपद्रवी. मग एका शनिवारी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांच्यासोबत चिबाला गेले. मुराता-सान खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. मोकाशींनी समोर बसून मंडळाचा वृत्तान्त सांगितला: उन्हाळी जत्रेला कंदील लावायचे की नाही, कबुतरांचं काय करायचं. प्रत्येक प्रश्नानंतर ते थांबत. मुराता-सान खिडकीबाहेर बघत. मोकाशी पुरेसा वेळ जाऊ देत आणि मग म्हणत, “हं. ठीक आहे.” निघताना त्यांनी युमेनीसला खारट मैदानापर्यंत आणलं. “मग?” म्हणणारं कुणी नव्हतं, तरी ते थांबले आणि म्हणाले, “पुढचं नंतर.”

परतीच्या गाडीत मी विचारलं, “कंदिलांचं काय म्हणाले ते?”

“काही नाही.”

“मग कशाला एवढ्या लांब यायचं?”

“विचारलं नसतं तर ते खोटं झालं असतं,” मोकाशी म्हणाले.

मुराता-सान हिवाळ्यात गेले. त्यानंतरच्या सभेत मोकाशी उठले, टोपी हातात घेतली आणि खुर्ची भिंतीकडे सरकवायला लागले. नाकानो-सान किटली घेऊन उभ्या होत्या.

“मग चहा कुठे ठेवू?” त्यांनी विचारलं.

मोकाशींनी खुर्ची परत आणली.

नियमाप्रमाणे वसंतातल्या वार्षिक सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. मोकाशी त्याबद्दल काहीच बोलत नव्हते, म्हणजे दुसरा विचार करत नव्हते. त्यांनी न्हाव्याकडे जाऊन केस कापले. आणि मार्च संपता संपता, पावसाने ओल्या झालेल्या बाहेरच्या जिन्यावर ते घसरले. खुब्याचं हाड मोडलं.

नीरज दोन दिवसांत हजर झाला. मला वाटलं होतं कुणी उद्धट मनुष्य असेल. तो चांगलाच होता, आणि घाबरलेला होता. ऑपरेशन झालं, आणि हळूहळू, आवाज न चढवता, त्याने वडिलांकडून होकार मिळवला. चाकाच्या खुर्चीत बसवून तो त्यांना सामान आवरायला घरी घेऊन आला, त्या दिवशी सातव्या मजल्याच्या व्हरांड्यात सगळं मंडळ उभं होतं. इस्त्रीच्या कपड्यांत. नाकानो-सानच्या हातात मिठाईचा डबा होता.

इतो-सान पुढे आले आणि नीरजला उद्देशून बोलायला लागले. नीरजला जपानी येत नव्हतं. त्याने वाकून वडिलांच्या कानाशी विचारलं, “काय म्हणतायत, बाबा?”

तर मोकाशी भाषांतर करायला लागले. आयुष्यभराची सवय. “म्हणतायत, एवढ्या लांबून आलात. तुमच्या वडिलांना आमच्यामुळे फार कष्ट पडले. आम्ही त्यांच्यावर फार भार टाकला. आता त्यांना विश्रांती मिळू दे.”

इतो-सान थांबले. सगळे एकदम कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

“म्हणजे काय?” नीरजने विचारलं.

“म्हणजे घेऊन जा,” मोकाशी म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांची भांडी कागदात गुंडाळत होते. नीरज खोके आणायला कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, गेला होता. सामान फार नव्हतंच. चाळीस वर्षांत माणूस इतकं कमी सामान कसं जमवतो, मला कळेना.

“शेवट सांगायचा राहिला तुला,” मोकाशी म्हणाले.

तो मी केव्हाच शोधून वाचला होता. पण म्हटलं, “सांगा.”

“धुळीत काही दिसत नव्हतं. चंदेरी ढालींनी समोरचं पायदळ पार मोडून काढलं. पण त्या धुळीच्या आडून शत्रूच्या घोडदळाने मागची छावणी लुटली. त्यांच्या बायका, पोरं, जन्मभर साठवलेलं सगळं. त्यांनी निरोप पाठवला, आमचं सामान परत द्या. उत्तर आलं, युमेनीसला द्या. दिला त्यांनी. त्याचे हात बांधून.” त्यांनी एक वाटी माझ्याकडे सरकवली. “मी त्यांना कधी दोष दिला नाही. बायकापोरं होती.”

“काका, इथे कुणाचं सामान कुणी पळवलं नव्हतं.”

“तेच तर,” ते म्हणाले. “काही न घेता दिलं.”

मी त्यांना सांगायला लागले की ही यांची रीत आहे, राहा असं तोंडावर कुणी म्हणत नाही, ओझं होऊ नये म्हणून उलटच बोलतात. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

“मृणाल, चाळीस वर्षं मी पोट कशावर भरलं? हे काय बोलतात यावर नाही, यांना काय म्हणायचंय त्यावर. ते शोधून समोरच्याला सांगायचं. आज मला फक्त शब्द ऐकू आले. वय झालं असेल.”

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले.

उपाध्यक्षपदाची पाळी एप्रिलमध्ये आठव्या मजल्यावर आली, म्हणजे आमच्या दारावर. वार्षिक सभेला मी जरा लवकर गेले. हाताची खुर्ची आपण मांडावी की नाही या विचारात होते. कुणी हसलं तर? पण नाकानो-सान आधीच आल्या होत्या.

अध्यक्षांच्या जागी खुर्च्या दोन मांडलेल्या होत्या. हाताच्या खुर्चीवर निळी टोपी. तिच्या डाव्या बाजूला एक घडीची खुर्ची, आणि तिच्यावर एक तपकिरी माकडटोपी. मोकाशी हिवाळ्यात ती घालून सभेला यायचे आणि खोलीतल्या खुंटीवर टांगायचे. तिथेच विसरून गेले असणार. टोपी घडी करून, तोंडाचं भोक वर येईल अशी ठेवली होती. मुकुट म्हणून तिच्यात फारसं काही नव्हतं.

पुढे कपही दोन. एकात हिरवा चहा. दुसऱ्यात दूध घातलेला, आल्याचा, आणि शेजारच्या रिकाम्या पुड्यांवरून कळत होतं की साखर प्रमाणाबाहेर पडलेली.

“मोकाशी-सानना असा लागतो,” नाकानो-सान म्हणाल्या. “बरोबर झालाय का माहीत नाही.”

मी कुठे बसायचं ते विचारलं. इतो-साननी काठीने तिसरी खुर्ची दाखवली.

अध्यक्षाच्या निवडणुकीचा विषय कार्यक्रमपत्रिकेत होता. तो आला आणि कुणी काही न बोलता गेला. मग इतो-साननी रेघेचा विषय काढला. वर्षभरात पिवळी रेघ पुसट झाली होती. काहींचं म्हणणं होतं पुन्हा पिवळीच मारावी, काहींना पांढरी हवी होती. दोन्ही बाजूंचं बोलून झालं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“मोकाशी-सानना विचारून सांगा,” इतो-सान म्हणाले.

“हो, पुढच्या सभेत...”

“आता विचारा. त्यांच्याकडे सकाळ असेल.”

मी फोन घेऊन बाहेर आले. पहिल्या घंटीला उचलला गेला. मागे कुकरची शिट्टी होत होती, आणि कुणीतरी “बाबा, उठू नका, मी देतो” म्हणत होतं.

“काका, मंडळाने विचारलंय, रेघ पिवळी मारायची की पांढरी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कुणी विचारलंय?”

“इतो-साननी. सगळ्यांनीच. थांबलेत आत. तुमची खुर्ची मांडलीय, मुराता-सानच्या शेजारी.”

“कुठली? हाताची?”

“हाताची त्यांचीच आहे. तुमची तीच, करकरणारी.”

“डगमगते ती,” ते म्हणाले. “पायाखाली घडी घातली का कुणी?”

मी दारातून आत डोकावून पाहिलं. खुर्चीच्या त्या पायाखाली कागदाची घडी होती. नवी, चौकोनी, कडा नीट जुळवलेली.

“घातलीय.”

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग त्यांनी घसा साफ केला, सभेत करायचे तसा.

“असं लगेच नाही ठरवता येणार,” मोकाशी म्हणाले. “विचार करावा लागेल. पुढच्या सभेच्या आधी फोन कर पुन्हा. मी आहे.”

रेघ पिवळी हवी, हे त्यांचं मत मागच्या वर्षीपासून ठरलेलं होतं. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी आत गेले आणि मोकाशी-सान विचार करताहेत असं सांगितलं. इतो-साननी मान डोलावली. नाकानो-सान उठल्या आणि माकडटोपीपुढचा गार झालेला चहा बदलून आल्या.